पाण्याच्या कडेकडेने: गंगापूर धरण ते चांदवडचा रंगमहाल, सायकलवर चार दिवस

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचे एक गृहस्थ, वय सत्तेचाळीस, आणि त्यांची पंधरा वर्षांची मुलगी. दोघांकडे साध्या हायब्रिड सायकली आहेत, दर रविवारी चाळीस-पन्नास किलोमीटरची सवय आहे. दिवाळीनंतर चार दिवस काढून नाशिकच्या आसपास फिरायचं आहे. तलाव, शेतशिवार, जुने वाडे बघायचे आहेत आणि हायवे शक्यतो नको. त्यांनी नकाशावर रोज शंभर किलोमीटरचा आराखडा काढला आहे आणि तो बरोबर आहे का, असं विचारलं आहे.

दादा, रस्ते तुम्ही चांगले निवडलेत, आकडा मात्र चुकला आहे. रोज शंभर किलोमीटर काढून टाका. सामान लादलेली सायकल आमच्याकडच्या गावरस्त्यांवर ताशी चौदा-पंधराच्या वर जात नाही. शंभर किलोमीटर म्हणजे सात तास नुसतं पेडल मारणं. त्यात चहा, जेवण, एखादं पंक्चर धरलं की दहा तास झाले. नोव्हेंबरात उजेड असतो अकरा तास. मग वाड्याच्या ओसरीवर बसणार कधी आणि पाण्यावरची बदकं बघणार कधी? बावीस वर्षं मी या जिल्ह्यात सायकल चालवतोय, गेली बरीच वर्षं चार-सहा जणांना घेऊन फिरवतोही. जे लोक किलोमीटर मोजायला येतात त्यांना परत जाताना गावांची नावंही आठवत नाहीत, हे मी वारंवार पाहिलं आहे आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. चार दिवसांत सगळे मिळून पावणेदोनशे किलोमीटर करा. तुमच्या मुलीच्या पायांना ते झेपेल आणि डोळ्यांनाही.

दुसरी गोष्ट दिशा. तुम्ही चांदवडहून सुरुवात करून गंगापूरला शेवट ठेवला आहे, ते उलटं करा. गोदावरीला आमच्याकडे सगळे गंगाच म्हणतात. ही गंगा पश्चिमेला त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते आणि पूर्वेला निफाडकडे वाहते. त्र्यंबक नाशिकपेक्षा शंभर-सव्वाशे मीटर उंच आहे आणि नाशिकच्या पुढे निफाडपर्यंत जमीन हळूहळू उतरत जाते. डोळ्यांना हा उतार दिसत नाही, पण दुपारी दोन वाजता मांड्यांना कळतो. पाण्याबरोबर खाली आलात की सायकल आपोआप तुमच्या बाजूची होते.

आणि यात नुसती सोय नाही. पाण्याबरोबर खाली येताना जिल्हा समजत जातो. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तिथून साठ-सत्तर किलोमीटर पूर्वेला निफाडात जेमतेम पाचशे. पश्चिमेचं पाणी अडवायचं आणि पाटाने पूर्वेला न्यायचं, याच एका गोष्टीवर इथली शेती उभी आहे. तुम्ही ज्यांना तलाव म्हणताय ती सगळी धरणं नाहीतर बंधारे आहेत. जुने वाडेही त्याच पाण्याच्या काठाला आहेत. म्हणून नदीची बाजू सोडू नका, म्हणजे तलाव, द्राक्षबागा आणि वाडे वेगवेगळे शोधावे लागणार नाहीत.

पहिला दिवस नाशिक ते गंगापूरचं बॅकवॉटर आणि गिरणारे. फिरून फिरून पस्तीस किलोमीटर. सकाळी सातला गंगापूर रोडने निघा. शहर संपता संपता आनंदवल्ली येतं. हे नाव राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंवरून पडलं. त्यांचा वाडा आज उभा नाही, पण नदीकाठचं नवश्या गणपतीचं देऊळ आहे, तिथे पाच मिनिटं थांबा. मग सोमेश्वरचं देऊळ आणि धबधबा मागे टाकत गंगापूर गावात या. या गावात गोपिकाबाई येऊन राहिल्या होत्या. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, माधवराव आणि नारायणरावांच्या आई. 1773 साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि त्याचा ठपका राघोबादादांवर आला. ज्या आईचा मुलगा गेला तिचं गाव आणि ज्यांच्यावर आळ आला त्यांचं गाव, दोन्ही एकाच नदीकाठी, मध्ये सायकलवर वीस मिनिटांचं अंतर. मी माणसांना घेऊन येतो तेव्हा हे आनंदवल्लीत सांगत नाही, गंगापुरात पोचल्यावर पाणी पिताना सांगतो. आत्ताच मागे टाकलेला रस्ता तेव्हा त्यांना वेगळा दिसायला लागतो. मुलीलाही असंच सांगून बघा.

गंगापूर धरण मातीचं आहे, 1965 साली पुरं झालं. नाशिक शहर बहुतांशी याच पाण्यावर जगतं. भिंतीवर सायकल नेऊ देत नाहीत, परवानगी लागते. त्या भानगडीत पडू नका, पाणी भिंतीवरून तसंही फारसं छान दिसत नाही. गोवर्धन, दुगाव करत गिरणाऱ्याकडे निघालात की पाणी कधी जवळ येतं, कधी टेकाडाआड जातं. खरी मजा इथे आहे. गिरणारे टोमॅटोचं मोठं गाव. हंगामात दुपारनंतर क्रेट भरलेल्या पिकअप गाड्यांची रांग लागते आणि तो रस्ता सायकलला अजिबात बरा नसतो, म्हणून बाराच्या आत गिरणारे गाठा. जेवून धोंडेगावच्या बाजूला कश्यपी धरणाचं पाणी बघून या. तिथे गर्दी कमी असते आणि डोंगर अगदी पाण्यात उतरल्यासारखे दिसतात. मुक्कामाला धरणाच्या काठी एमटीडीसीचं ग्रेप पार्क आहे. शेताच्या कडेला राहायची सोय करणारी कृषी पर्यटन केंद्रंही त्या भागात आहेत. पहिला दिवस शनिवार-रविवारी येऊ देऊ नका. गंगापूरच्या मागच्या पाण्यावर आणि वायनऱ्यांच्या रस्त्यांवर त्या दोन दिवशी शहरातून गाड्यांचा लोंढा येतो आणि संध्याकाळी परतणाऱ्या सगळ्याच गाड्यांचे चालक शुद्धीत असतात असं नाही. बुधवारी निघा. तुमच्या यादीतलं त्र्यंबक मात्र या फेरीत सोडा. 2027च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं चालू आहेत, डंपर आणि धूळ यांत मुलीला नेण्यात अर्थ नाही.

बॅकवॉटरबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दिवाळीनंतर पाणी जसं मागे हटायला लागतं तशी काठाला गाळाची जमीन उघडी पडते. शेतकरी त्यात गाळपेर करतात. वरून ती पांढुरकी, कोरडी, भेगा पडलेली दिसते आणि पाण्यापर्यंत सायकल नेण्याचा मोह होतो. मला झाला होता. वीस-पंचवीस मीटर आत गेलो आणि वरचा पापुद्रा फुटला. खालची काळी माती म्हणजे अक्षरशः मळलेली कणीक. ती टायरला चिकटते, टायरबरोबर वर येते, मडगार्डमध्ये आणि ब्रेकपाशी ठासून बसते, आणि तिच्यात वाळलेलं गवत असेल तर त्याचा दोर वळला जातो. मी ताकद लावून पेडल मारलं. गवताच्या त्या दोराने मागचं डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ओढून चाकाच्या तारांत घातलं, कट्‌ असा आवाज आला आणि ते फ्रेमला धरून ठेवणारा छोटा तुकडा, म्हणजे हँगर, मोडला. त्या दिवशी चौदा किलोमीटर सायकल ढकलत आलो. चाक फिरायला जड झालं की पुढचं एकही पेडल मारू नका. उतरा, सायकल उचला, आल्या पावली परत फिरा. माती ओली असताना बोटाने काढू नका, पसरते. बाभळीची काटकी घेऊन खरवडा आणि उरलेली वाळू द्या, मग आपोआप ढलप्या निघतात.

दुसरा दिवस सगळ्यात लांब, साठ किलोमीटर. पण जमीन तुमच्या बाजूने उतरती आहे. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव असा शहराला उत्तरेने वळसा घालून माडसांगवीला छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर या. इथून ओढा, लाखलगाव, चांदोरी. चांदोरीपर्यंतचा पंधरा-सोळा किलोमीटरचा हा तुकडा मोठ्या रस्त्याचा आहे, तो टाळता येत नाही. साडेदहाच्या आत उरकून टाका, मुलीला पुढे ठेवा आणि तुम्ही तिच्या मागे अर्धी सायकल उजवीकडे राहून चाला, म्हणजे मागची गाडी तुम्हाला बघून आधीच बाजूला होते.

या पट्ट्यात द्राक्षबागा लागतात. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, झालेली असते, त्यामुळे तुम्ही याल तेव्हा वेली कोवळ्या फुटीच्या किंवा बारीक घडांच्या असतील. हाच काळ फवारणीचा. ट्रॅक्टरमागे ब्लोअर लावून सकाळी वारा पडलेला असताना औषध मारतात आणि त्याचं धुकं बांध ओलांडून रस्त्यावर येतं. लांबून ते दवासारखं दिसतं, छान दिसतं, आणि नवखे लोक फोटो काढायला थांबतात. थांबा, पण दोनशे मीटर अलीकडे. ट्रॅक्टर ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेला की मग निघा. पाण्याच्या बाटलीचं तोंड झाकलेलं ठेवा आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. बागेतली फळं मालकाने दिल्याशिवाय तोडू नयेत हे सांगायला नकोच, पण औषधामुळेही तोडू नयेत.

चांदोरीला मोठा थांबा ठेवा. हे हिंगण्यांचं गाव. महादेवभट हिंगणे दिल्लीत पेशव्यांचे वकील होते, त्यांच्या मुलांनी पुढे तेच काम केलं. मराठ्यांचं दिल्लीतलं राजकारण या घराण्याच्या पत्रांतून समजतं, त्यांचं दप्तर छापून प्रसिद्ध झालेलं आहे. दिल्लीच्या बादशाही दरबारात वावरलेल्या माणसांचं घर गोदावरीच्या काठच्या या गावात असावं, हे इथे उभं राहिल्यावर जास्त जाणवतं. नदीच्या पात्रात दगडी देवळं आहेत. पाणी उतरलं की दिसतात, पूर आला की बुडतात. 2016 आणि 2019च्या ऑगस्टमध्ये चांदोरी आणि पलीकडचं सायखेडा या दोन्ही गावांत पाणी शिरलं होतं. गावात कुणालाही विचारा, हात वर करून पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दाखवतील.

आता वाड्यांबद्दल, कारण इथेच माणसं सगळ्यात जास्त चुकतात. तुमच्या आराखड्यात वाड्यांपुढे तुम्ही "वीस मिनिटं" असं लिहिलं आहे. राजस्थानातल्यासारखं तिकीट काढून आत जायचं प्रकरण हे नव्हे. निफाड-येवला पट्ट्यातले बहुतेक वाडे म्हणजे कुणाची तरी राहती घरं आहेत. भाऊबंदकीत वाटण्या झालेल्या, एका सोप्यात एक चूल, दुसऱ्यात कांद्याच्या गोण्या, तिसऱ्याला कुलूप. हेल्मेट घालून, काळा चष्मा लावून आणि मोबाइल हातात धरून दिंडी दरवाज्यातून आत गेलात तर घरातल्या बायका पदर सावरत आत जातात, आणि मग तुम्हाला फक्त भिंती बघायला मिळतात.

मी असं करतो. सायकल वाड्यापासून जरा लांब, पारापाशी नाहीतर देवळापाशी लावायची. हेल्मेट काढायचं. पारावर जो म्हातारा माणूस असेल त्याला राम राम घालून शेजारी बसायचं. आपण कुठले, कशाला आलो, ते विचारण्याआधीच सांगायचं. दहा मिनिटांत कुणीतरी उठून म्हणतं, चला, दाखवतो. त्या माणसाबरोबर गेलात की तुम्ही पाहुणे होता. देवडीत चपला काढा. आपणहून माजघराकडे वळू नका. फोटो विचारून काढा, देवघराचा आणि माणसांचा तर विचारूनसुद्धा जपून. निघताना पैसे पुढे करू नका, वाईट वाटतं. घरात लहान मूल असेल तर त्याच्या हातावर खाऊ ठेवा, ते चालतं.

आणि आत गेल्यावर काय बघायचं तेही सांगतो, कारण दार आणि नक्षी सगळेच बघतात. सागवानी खांब जिथे जमिनीला टेकतो तिथे खाली वाका. खांब थेट जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणून ओल वर चढत नाही आणि वाळवी लागत नाही. एकदा सायखेड्याच्या अलीकडच्या एका गावात एका आजींनी मला असा खांब दाखवला होता. खांबाच्या एका बाजूला, माझ्या कमरेच्या उंचीवर, हातभर जागा आरशासारखी गुळगुळीत झाली होती. मला वाटलं रंध्याचं काम असेल. आजी म्हणाल्या, "नाही रे बाबा, ताक घुसळायची जागा ती. माझ्या सासूची सासू इथंच दोरी बांधायची." दोरी घासून घासून लाकडात बोटभर खोल खाच पडली होती आणि तिच्या कडेला हात टेकून टेकून ती झिलई आली होती. त्या खाचेत मी बोट घालून पाहिलं. माझ्याबरोबर आलेल्या मुलींनीही पाहिलं. त्यातल्या एकीने नंतर मला सांगितलं की चार दिवसांतलं तिला तेवढंच रोज आठवतं. म्हणून म्हणतो, वीस मिनिटं पुरत नाहीत. एकच वाडा बघा, पण दीड तास द्या.

चांदोरीहून पूल ओलांडून सायखेडा, आणि तिथून नदीच्या बाजूने नांदूरमध्यमेश्वरच्या दिशेला पंधरा-सोळा किलोमीटर. हा रस्ता मला सगळ्या जिल्ह्यात जास्त आवडतो. ऊस, गहू, कांद्याची रोपं, मध्येच पाटाचं खळाळणारं पाणी, आणि वस्तीवरची कुत्री. कुत्र्यांना घाबरून वेग वाढवू नका, उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि चालत जा, ती गप्प होतात. ऊस आहे म्हणजे बिबट्या आहे, हे मात्र गंभीरपणे घ्या. निफाड तालुक्यात उसाच्या फडात बिबट्यांचा वावर आहे आणि गावातली माणसं अंधार पडल्यावर एकटी फिरत नाहीत. साडेपाचच्या आत मुक्कामी पोचा. सकाळी पक्षी बघायच्या उत्साहात काळोखात निघू नका, नीट उजाडू द्या. मुलीला एकटीला पुढे किंवा मागे सोडू नका, वाकून बसलेलं लहान चणीचं माणूस तर अजिबात एकटं नको. अभयारण्याच्या बाजूला मुक्कामाची सोय होते, पण हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी जागा मिळत नाही, आधी ठरवून या. नाहीतर निफाडला लॉज आहेत.

तिसरा दिवस सायकल जेमतेम वीस किलोमीटर. पूर्ण दिवस पाण्याला द्या.

नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा मिळतात. 1907 ते 1913 या काळात इंग्रजांनी इथे दगडी बंधारा घातला आणि त्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे काढले. ते कोपरगाव-राहात्याकडे जातात. पण शंभर वर्षांत नदीने आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साठत गेला. पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, त्यांवर पाणवनस्पती माजल्या. धरण म्हणून जे बिघडलं ते पक्ष्यांच्या पथ्यावर पडलं. 1986 साली अभयारण्य झालं आणि पुढे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झाली, क्षेत्र 1437 हेक्टर. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी या बाजूंनी निरीक्षण मनोरे आहेत. गावातली काही मुलं गाइड म्हणून तयार झाली आहेत. त्यांच्यातल्या एकाला बरोबर घ्याच, दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोपही मिळतो. पुस्तक बघून जो पक्षी तुम्ही अर्ध्या तासाने ओळखाल तो हा मुलगा त्याच्या उडण्यावरून सांगतो.

थंडीचं सांगून ठेवतो. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, तिथला पारा हिवाळ्यात कधीकधी पाच अंशांच्याही खाली जातो. सायकलवर वारा लागून बोटं बधिर होतात आणि ब्रेक दाबला जात नाही. पातळ हातमोजे घ्या.

सकाळी सात-सव्वासातला मनोऱ्याशी पोचलात की आधी काहीच दिसत नाही. पाण्यावर धुकं असतं आणि फक्त आवाज येतात, चक्रवाकांचा तो नाकातून काढल्यासारखा आवाज, जांभळ्या पाणकोंबड्यांची कटकट. मग सूर्य वर येतो आणि धुकं एका कडेने उचललं जातं, आणि जिथे तुम्ही रिकामं पाणी समजत होता तिथे तलवार बदकं, थापटे, गढवाल यांचे थवेच्या थवे. मोर शराटींची चोच चिखलात खालीवर होत असते, शिवणयंत्राच्या सुईसारखी. चित्रबलाक आणि मुग्धबलाक हमखास दिसतात. क्रौंच आणि रोहित दिसतील का, हे थंडीवर आणि पाण्याच्या पातळीवर आहे. कालव्यांना आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडण्याची पाळी, चालू असेल तर पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो आणि काठावर चरणारे पक्षी जवळ येतात. म्हणून गाइडला आदल्या दिवशी फोन करून एवढंच विचारायचं, आवर्तन चालू आहे का. आणि जमत असेल तर दिवाळीनंतर लगेच येण्यापेक्षा डिसेंबरचा पहिला पंधरवडा पकडा, तोवर बाहेरून येणारी पाखरं पुरती उतरलेली असतात.

दुपारी पक्षी विसावतात. त्या वेळात मध्यमेश्वराचं आणि मृगव्याधेश्वराचं दर्शन घ्या. रामाने मारीचावर, म्हणजे सोन्याच्या हरणावर, इथे बाण सोडला अशी इथली श्रद्धा आहे. जेवायला पिठलं-भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी सांगून ठेवा. चारनंतर पुन्हा पाण्यावर.

चौथा दिवस, नांदूर, निफाड, विंचूर, लासलगाव, चांदवड. पंचावन्न-साठ किलोमीटर, आणि लासलगावच्या पुढे चढ. विंचूरला विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचा वाडा. पानिपतावर लढलेले आणि तिथून जिवंत परत आलेले हे सरदार. वरचा सगळा नियम इथेही लागू. लासलगाव कांद्याची बाजारपेठ म्हणून तुम्हाला माहीतच आहे. लिलावाच्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर येते आणि ट्रॉलीच्या मागे दिवा असतोच असं नाही. चालत्या ट्रॉलीला कधीही डावीकडून ओलांडू नका, ती वळताना मागचं चाक आत घेते.

चांदवडचा रंगमहाल होळकरांचा, अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेला. हा राज्य संरक्षित आहे, त्यामुळे इथे कुणाच्या घरात शिरल्यासारखं होत नाही. दगडी दरवाजा, मोठे चौक, कोरीव लाकडी खांब आणि भिंतींवरची चित्रं. तोवर तुम्ही राहते, विभागलेले, धूर बसलेले वाडे पाहिलेले असतील, म्हणून हा शेवटी ठेवला आहे. आधी हा पाहिलात तर बाकीचे पडके वाटतात. शेवटी पाहिलात तर आतली रचना तुम्हाला कुणी सांगावी लागत नाही, देवडी कुठली आणि सोपा कुठला ते मुलगीच दाखवेल. चांदवडहून नाशिकला मुंबई-आग्रा महामार्गाने पासष्ट किलोमीटर आहे, ते सायकलवर करू नका. पिकअप ठरवा, दोन सायकली आणि दोन माणसं आरामात बसतात. सायकलींमध्ये रिकामी पोती घालून बांधा, नाहीतर फ्रेमचा रंग जातो.

सायकलींचं थोडक्यात. टायर पस्तीस मिलिमीटरच्या खाली नकोत, हवा पन्नास पीएसआयच्या आसपास. मागे बत्तीस-चौतीस दातांचं मोठं चक्र असेल तर चांदवडचा चढ बसून चढता येतो. सामान दोघांचं मिळून बारा किलोच्या आत आणि त्यातलं जास्त तुमच्या सायकलवर. पाठीवर सॅक अजिबात नको. पाणी माणशी दोन लिटर. ट्यूब चार घ्या, कारण या भागात सराटे आहेत. रस्त्याच्या कडेला पसरणारं पिवळ्या फुलांचं बारीक वेल दिसलं की समजा. त्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर असतो. सावलीत थांबायला म्हणून सायकल डांबराखाली उतरवली की दोन्ही चाकांत पाच-सहा काटे घेऊनच वर येते. डांबरावरच उतरा आणि सायकल उचलून सावलीत न्या. टोचलाच तर काटा लगेच उपटू नका. काटाच भोक बुजवून धरतो, हवा हळू जाते, तेवढ्यात पुढचं गाव येतं. ट्यूब बदलताना टायरच्या आतून सगळीकडे बोट फिरवा, एक काटा काढून दुसरा राहिला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते.

पंक्चर काढायला मुलीला घरीच दोनदा बसवा, आणि दोन्ही सायकलींचे हँगर काढून दुकानात घेऊन जा. प्रत्येक कंपनीचा आकार वेगळा असतो, नाशिकात ऐनवेळी तुमचा मिळेलच असं नाही. जुन्याला जुळवूनच एकेक नवीन घ्या आणि सीटखालच्या पिशवीत टाका.